थोरलीचं तेल

"माझ्या टेबलावरून तो डबा आधी उचला," मी म्हटलं, "मग काय भांडायचं ते भांडा. पांढरं कापड पसरलंय मी."

बापलेकीपैकी एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. डबा माझ्या कापायच्या टेबलावर मधोमध. अलीकडे आमचे हे, पलीकडे लेक, आणि मी हातात कात्री घेऊन पंचासारखी उभी.

"सिंथेटिक," हे म्हणाले. शब्द असा उच्चारला, जणू लेकीनं कुणाला न विचारता जावईच घरात आणून बसवलाय.

"बाबा, वस्तादांनीच दिलंय. मी आपल्या मनानं नाही आणलं."

"वस्तादचं डोकं फिरलंय. पाच लाख बारा हजार किलोमीटर झालेत तिचे. या वयात तिचं तेल बदलायचं?"

"तेल तर तुम्ही दर पाच हजारांना बदलताच की!"

"तेच तेल घालतो मी. पहिल्या दिवसापासून ज्या तेलावर चालली, तेच. तू जातच बदलायला निघालीस."

ही भांडाभांडी थोरलीवरून चालली होती. थोरली म्हणजे आमची गाडी. लेक जन्मली त्याच्या आदल्या वर्षी ती घरात आली, म्हणून ती थोरली आणि लेक धाकटी. तिसरं कुणी झालंच नाही. लहानपणी शाळेत बाईंनी विचारलं, भावंडं किती? तर ही म्हणाली, एक बहीण आहे, पण ती बाहेर उभी असते. बाईंनी मला बोलावून घेतलं होतं.

थोरलीवर आमचं घर उभं राहिलं. चोवीस वर्षं ह्यांनी ती भाड्यानं चालवली. लग्नाची वऱ्हाडं नेली, बाळंतिणी नेल्या, परीक्षेला उशीर झालेली पोरं नेली. एवढ्या वर्षांत इंजिन एकदाही उघडलं नाही, ह्याचा ह्यांना कोण अभिमान! नव्या ओळखीच्या माणसाला पाचव्या मिनिटाला ते ऐकायला मिळायचंच. मी चहा घेऊन येईपर्यंत तो माणूस दमलेला असायचा.

मग डोळे गेले. सगळे नाहीत. काचबिंदूनं कडा खाल्ल्या. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी हे घरी आले, बूट न काढता आत आले आणि गाडीची किल्ली लेकीच्या हातात ठेवली. "आज डावीकडून एक सायकलवाली आली," म्हणाले. "मला दिसलीच नाही. ती वाचली. आता तू चालव." एवढंच. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी सांगायची वाट न बघता स्वतःहून उतरला माझा नवरा, हे मी कुणालाही मान वर करून सांगते.

लेक परिचारिका आहे. दवाखान्यात नाही, घरोघरी जाते. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही त्यांच्या जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, पाठ पुसून द्यायची. महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज होतात. थोरली तिच्या कामी आली.

ह्यांच्याकडे राहिलं फक्त तेल. दर अडीच महिन्यांनी एक अख्खा रविवार. गाडी विटांवर चढवायची, खाली सतरंजी टाकून आडवं व्हायचं, बोटांनी चाचपत बूच सोडायचं. त्यांना तिथं डोळे लागतच नव्हते. जुनं तेल दोन बोटांत चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि सांगायचं, "ही मागच्या महिन्यात घाटात फार चढली." लेक म्हणायची, "हो बाबा, चढली." त्या रविवारी जेवायला बसले की माझा माणूस पूर्वीसारखा दिसायचा.

आणि रोजचा पुठ्ठा. संध्याकाळी गाडी अंगणात लागली की खाली पुठ्ठा सरकवायचा. सकाळी लेक सहाला निघून गेली की हे चहा पिऊन आठच्या सुमाराला बाहेर यायचे आणि तो पुठ्ठा वर्तमानपत्रासारखा वाचायचे. एखादा काळा थेंब असायचाच, बुचाखाली. "सही करून गेली," म्हणायचे. पुठ्ठ्यावर तारीख घालून भिंतीला लावून ठेवायचे. समोरच्या पंख्यांच्या दुकानातून खोकी आणायचं काम माझ्याकडे. दुकानदाराला वाटतं, आम्ही कायम घर बदलण्याच्या बेतात आहोत.

तर त्या दिवशी टेबलापाशी हे म्हणाले, "आत वर्षानुवर्षांचं कीट बसलंय. त्या कीटानंच तिच्या फटी बुजल्यात. हे तुझं नवीन तेल जाऊन ते सगळं धुऊन काढणार. महिनाभरात चाळणी होईल तिची, लिहून ठेव."

तेवढ्यात वस्तादच आले. वस्ताद म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मालक, ह्यांचे चाळीस वर्षांचे मित्र, पोट एवढं सुटलंय की आता गाडीखाली माणसं घालतात, स्वतः जात नाहीत.

"अरे, पूर्वी होतं तसं," ते म्हणाले. "आताची तेलं इंजिनाच्या रबरी सीलांना काही करत नाहीत. सील शाबूत असेल तर थेंब येणार नाही. आणि गेलेलं असेल तर ते आधीच गेलेलं असतं; तेल फक्त चुगली करतं. सकाळी चावी फिरवल्यावर वरून टकटक येते ना पाच-सात सेकंद? तू आणि मी, दोघांनी ऐकलीय. गारठ्यात तुझं तेल वर पोचायला वेळ लावतं. पोरगी पहाटे निघते. इंजिन कोरडं घासतंय रोज."

टकटक ह्यांनीच लेकीला पहिल्यांदा ऐकवली होती.

"पहिल्यांदा तीन हजारांवर बदलू, घाण निघेल ती टाकून देऊ," वस्ताद म्हणाले. "मग बारा हजारांपर्यंत बघायला नको."

"आणि तेही वस्तादांच्याच गॅरेजात होईल," लेक मोठ्या प्रेमानं म्हणाली. "तुम्हाला या वयात विटांवर गाडी चढवायला नको, सतरंजी नको. आराम करा की बाबा आता."

आराम! हा शब्द त्यांना कुठं लागला ते मी समोरून पाहिलं. डबा त्यांनी उचलला, अंदाजानं दोनदा खालीवर केला आणि वस्तादांच्या हातात दिला. "घाल," म्हणाले, आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला लेकीचा राग आला आणि तिच्यावर रागावायला एकही कारण सापडेना.

वस्तादांनी तेल घातलं. बुचाची जुनी चकती काढून नवी बसवली. दुसऱ्या दिवशी पहाटे चावी फिरली आणि टकटक आलीच नाही. हे उशीवर डोकं ठेवून ऐकत होते. "नाही वाजली," एवढंच म्हणाले आणि कूस वळले.

मग पुठ्ठे. पहिल्या दिवशी कोरडा. दुसऱ्या दिवशी कोरडा. आठवडा कोरडा, पंधरवडा कोरडा. हे रोज आठला बाहेर जायचे, पुठ्ठ्यावरून तळहात फिरवायचे आणि परत यायचे. त्याच्यावर तारीख घालणंही बंद केलं. कशाला घालतील? काही घडलंच नव्हतं. खरं तर हरल्याचा राग आला असता तरी मला चाललं असतं. भांडणारा नवरा मला झेपतो. पण हे नुसते खुर्चीत बसायला लागले. दहा वाजता बसलेला माणूस बाराला तिथंच. एकदा मला विचारलं, "आज वार कोणता गं?" मी सांगितलं. पुन्हा तासाभरानं तेच विचारलं. विसरले नव्हते. बोलायला दुसरं काही नव्हतं.

तर मी काय केलं, ते आता सांगते. हसायचं असेल तर हसा.

एका सकाळी लेक गेली, हे न्हाणीघरात होते. मी मशीनच्या खणातून तेलाची कुपी घेतली, माझ्या शिलाई मशीनची, ती लांब नाकाची असते ना, तीच. अंगणात गेले. पुठ्ठा पडला होता. गाडी आमच्याकडे कायम भिंतीकडे नाक करून उभी असते, म्हणजे इंजिन भिंतीकडे. कंबर धरून वाकले आणि पुठ्ठ्याच्या भिंतीकडच्या टोकाला एक थेंब टाकला. थांबून आणखी एक टाकला. नवं तेल डब्यात मी पाहिलंच होतं, मधासारखं स्वच्छ. म्हटलं, थेंबही स्वच्छच पडणार. तेल ते तेल!

आठला हे बाहेर गेले. मी मागच्या खोलीत मशीनवर बसले, पण पाय हलवत नव्हते. मग त्यांनी हाक मारली, "अगं, पेन्सिल दे."

बाहेर गेले तर हे पुठ्ठ्यापाशी बसलेले. दोन बोटं चोळत होते, नाकाशी नेत होते. माझ्याकडे मान वर करून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हं. जरासं गळतंय वाटतं."

"बघा, मी म्हणतच होते," मी म्हटलं. मी कधीच काही म्हणत नव्हते.

थेंबाभोवती त्यांनी पेन्सिलीनं गोल काढला, तारीख घातली. त्या दिवशी वस्तादांकडे स्वतः चालत गेले, दोन तास बसून आले. संध्याकाळी लेक आल्यावर बॉनेट उघडून हात घातला. जेवताना पोळी मागून घेतली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग काय, चटकच लागली मला. आठ-दहा दिवसांनी आणखी एक थेंब. पुन्हा एक. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. चार पुठ्ठे भिंतीला लागले, चारांवर गोल. माझा माणूस पुन्हा आठला घाईनं चहा संपवायला लागला.

ते पुठ्ठे एका शुक्रवारी लेकीनं पाहिले.

ती दमून आली होती. पायरीवर बसून बूट काढत होती, आणि समोर भिंतीला चार तारखा. एकेक पुठ्ठा उचलून तिनं पाहिला. मी दारात, हे खुर्चीत.

"बाबा, गळतेय ना ती?"

"नाही," हे म्हणाले.

"मग हे काय आहे?"

ह्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात घातली.

"तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही. मी ती काढून टाकीन म्हणून लपवलंत ना?" तिचा आवाज चढला नाही, बसला. "तुम्ही म्हणाला होतात चाळणी होईल. तुमचंच खरं झालं. मीच हट्ट केला. पण बाबा, टेकडीवरच्या आजींना सकाळी सातला इंजेक्शन लागतं. त्या घड्याळाकडे बघत पडलेल्या असतात. वाटेत ही बंद पडली तर मी काय करू? कचेरीतून गाडी मिळतेय मला. आमच्यातल्या एकीचा भाऊ जुन्या गाड्या घेतो. त्याला उद्याच बोलावते."

"गळत नाही ती," हे पुन्हा म्हणाले.

"मग हे थेंब कुठून आले, ते सांगा."

त्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं नाही. तोंड मिटलं. "बोलाव," म्हणाले, आणि उठून आत गेले.

आणि मी? मी दारात उभी होते, जिभेला कुलूप घालून. लेकीसमोर, एवढ्या मोठ्या परिचारिकेसमोर, मी म्हातारी बाई वाकून पुठ्ठ्यावर तेल टाकते हे सांगू कसं? आणि त्याहून वाईट म्हणजे, ह्यांना सांगू कसं, की महिनाभर ज्या थेंबांवर तुम्ही जगलात ते खोटे होते? ह्या एका भीतीपायी मी थोरली जाऊ देत होते. हे आपलं मला आता कळतं.

शनिवारी सकाळी मी पाहिलं तर हे गाडी पुसत होते. मऊ फडकं, बादलीभर पाणी. बाजूचं दिसत नाही म्हणून आधी हातानं चाचपायचं, मग फडकं. दाराची मूठ, आरसा, टपावरची कड. जिथं डाव्या दारावर खोक पडलेली आहे तिथं हात थांबला. ती खोक धाकटीनं सायकल शिकताना पाडलीय. तिथं त्यांनी दोनदा पुसलं.

नऊला तो माणूस आला. भला वाटला बिचारा. हातात फाईल, डोक्यावर टोपी. लेकीनं किल्ली पुढं केली. हे फडकं पिळत उभे होते, आणि पिळून कोरडं झालेलं फडकं पिळतच होते.

बस्स. मी आत गेले, खणातून कुपी काढली आणि अंगणात आले.

"हे थेंब," मी म्हटलं, आणि कुपी वर धरली. "हे मी टाकलेत. चारही. गाडीनं नाही."

लेकीच्या हातातली किल्ली तशीच हवेत.

"आई, काय बोलतेयस?"

"मराठीतच बोलतेय! नवीन तेल घातल्यापासून ती कोरडी ठणठणीत आहे. तुझे बाबा बसून बसून वाळायला लागले, म्हणून मी मशीनचं तेल टाकलं. तू त्यांना आराम दिलास ना? मला नको होता तो. मला माझा नवरा हवा होता." एवढं बोलले आणि रडू फुटलं मला. परका माणूस समोर उभा, आणि मी कुपी हातात धरून रडतेय. कुपी कलती झाली होती, तेल मनगटावरून ओघळत होतं.

लेक पायरीवर बसली. आधी हसली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. "तुम्हाला हे कळलं नाही, बाबा? तुम्हाला? तेल हुंगून घाट सांगणाऱ्या माणसाला?"

हे फडकं झटकत होते. "पहिल्याच दिवशी कळलं," म्हणाले.

मी रडायची थांबले. "काय कळलं?"

"डिझेल गाडीचं तेल दोन दिवसांत काजळासारखं होतं. पाण्यासारखं स्वच्छ तेल तुझ्या मशीनशिवाय या घरात आहे कुठं? आणि धाकटी हल्ली गाडी उलटी लावते. सकाळी पटकन निघता यावं म्हणून. भिंतीकडे डिक्की असते गं. डिक्कीखाली कुणाचं इंजिन गळतं?"

मी अंगणापासून चाळीस पावलांवर बसते, आणि गाडी उलटी लागते हे मला माहीत नव्हतं. मागच्या खोलीत बसून मला फक्त आवाज कळतो. डोळे अधू असलेल्या माणसाला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच. "गोल कशाला काढलेत त्याच्याभोवती?"

"कंबर धरून तू माझ्यासाठी वाकलीस," ते म्हणाले. "तुझा थेंब होता तो. तसाच कसा टाकून देणार?"

"आणि काल? काल तरी सांगायचं! गाडी चालली होती ना!"

"लेकीसमोर तुझं नाव कसं सांगू?" एवढं म्हणून ते बादली उचलायला वाकले. बादली त्यांच्या उजवीकडे होती. हाताला लागायला जरा वेळ लागला.

टोपीवाला माणूस फाईल छातीशी धरून उभा होता. "मग मी निघू का?" त्यानं विचारलं.

"चहा घेऊन जा," हे म्हणाले. "इंजिन एकदाही उघडलेलं नाही हिचं, माहीत आहे का?"

त्याला थांबावं लागलं. अर्धा तास.

थोरली राहिली. तीन हजारांवरचं तेल वस्तादांच्या गॅरेजात ह्यांनीच काढलं, आडवं होऊन, वस्तादांची दोन माणसं बाजूला उभी करून. त्याच्यात इतकं कीट निघालं की वस्ताद म्हणाले, हे बरणीत भरून ठेवावं. त्यानंतरचं मात्र बारा हजारांवर आलं. म्हणजे वर्षातून दोनदा. लेकीनं आणखी वर्षभरानं स्वतःच बूच सोडायला शिकून घेतलं, आणि हे शेजारी स्टुलावर बसून नुसतं "डावीकडे, डावीकडे" म्हणायला लागले.

त्या शनिवारी दुपारी मात्र एक गोष्ट झाली. मी मशीनवर बसले होते, हे आत आले आणि हात पुढं केला. "कुपी दे."

"कशाला?"

"किती दिवस झाले मशीनला तेल घालून? सगळं पुठ्ठ्यांवर संपवलंस. खडखड ऐकू येतेय मला बाहेर."

तेव्हापासून मशीन त्यांच्याकडे आहे. दर रविवारी मशीन कलतं करायचं, बोटांनी एकेक भोक शोधायचं आणि थेंब सोडायचा. एकही चुकत नाही. मग मशीनखाली पुठ्ठा सरकवतात. रोज सकाळी आठला चहा पिऊन येतात, पुठ्ठा काढतात, तळहात फिरवतात, बोट नाकाशी नेतात, आणि कडेला पेन्सिलीनं तारीख घालतात.

आधी तारीख नीट बसायची. गेल्या वर्षी तिचा शेवटचा आकडा पुठ्ठ्याच्या कडेवर अर्धा यायला लागला. मग महिन्याचा आकडाही कडेबाहेर जाऊन टेबलावर उमटायला लागला. त्यांना कळत नाही. लिहून झालं की पेन्सिल कानावर ठेवतात आणि समाधानानं माझ्याकडे बघतात. मी ते टेबलावरचे आकडे नंतर ओल्या फडक्यानं पुसते.

आणि पुठ्ठा मी दर वेळी आधीपेक्षा थोडा मोठा कापते.

परवा त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू बोट फिरवलं आणि म्हणाले, "हल्ली पंख्यांची खोकी मोठी येतात वाटतं."

"हो," मी म्हटलं. "मोठी येतात."